अर्थ लागेना!

प्रत्येक घरात एक तरी वस्तू अशी असते, की जी केवळ मालकाची फजिती करण्यासाठीच जन्माला आलेली असते. माझ्या लहानपणी आमच्या सदाशिव पेठेतल्या बिऱ्हाडात एक भिंतीवरचे घड्याळ होते. एरवी ते बिनचूक चाले. पण धाकट्या आत्याला पाहायला मंडळी आली, की दुपारी चार वाजता सतरा ठोके देई. आत्याचे लग्न उशिरा जमले ते ह्या घड्याळामुळेच, असे आजी शेवटपर्यंत म्हणत असे. पुढे घड्याळाची जागा स्टोव्हने घेतली, आणि स्टोव्हची जागा पाहुणे आले की मुंग्या दाखवणाऱ्या टेलिव्हिजनने. मी सेवानिवृत्त झालो त्या सुमारास ही घराण्याची परंपरा आमच्या मोटारीतल्या ॲम्प्लिफायरने पुढे चालवली.

आमची मोटार म्हणजे फार मोठे प्रकरण नव्हे. कागदोपत्री पाच माणसांची. प्रत्यक्षात चार माणसे आणि एक पाण्याची बाटली. तिच्यात हा ॲम्प्लिफायर बसवून घेतला आमच्या चिरंजीवांनी, २०१८ च्या जानेवारीत. मार्चमध्ये त्यांना नोकरीसाठी जर्मनीला जायचे होते. परदेशी जाणारी मुले आईबापांसाठी औषधे आणून ठेवतात, बँकेची कामे उरकून ठेवतात. ह्यांनी पुढच्या सीटखाली एक काळी पत्र्याची चपटी पेटी ठेवून दिली, दारांत नवे स्पीकर बसवले आणि म्हणाले, “बाबा, हे अण्णांसाठी.”

अण्णा म्हणजे माझे वडील. त्या वर्षी त्यांना ८६ वे लागले होते. कान बरेच गेलेले होते. कानयंत्र आणलेले होते. पण त्यातून भांड्यांचा आवाज तेवढा येतो आणि माणसांचा येत नाही, असा शेरा मारून त्यांनी ते कपाटात जुन्या चष्म्यांच्या शेजारी ठेवून दिले होते. घरात गाणे मोठ्याने लावावे, तर वरच्या मजल्यावरून निरोप येई. मोटारीचे तसे नाही. काचा वर केल्या की ती एक लहानशी खोलीच, आणि स्पीकर माणसापासून हातभर अंतरावर. ॲम्प्लिफायर बसला त्या दिवशी अण्णा पुढच्या सीटवर बसले, गाणे सुरू झाले आणि ते एकदम दचकून म्हणाले, “अरे, तंबोरा ऐकू येतोय मला!”

तो तंबोरा आईच्या गाण्यातला होता. आई २००९ साली गेली. ती गात असे. पण मैफिलीत वगैरे नव्हे. हळदीकुंकवाला, मंगळागौरीला आणि फारच आग्रह झाला तर घरच्या गणपतीपुढे. १९७८ च्या गणपतीत माझ्या मामाने मस्कतहून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर तिचे एक पद उतरवून घेतले होते. पद ‘मानापमाना’तले. पेटीवर शेजारच्या मास्तरीणबाई, तंबोरा आत्याने धरलेला आणि तबल्याला आमचे बापूकाका. बापूकाका स्वभावाने अत्यंत गरीब. पण डग्गा हाताखाली आला, की गेल्या जन्मीचे वैर काढल्यासारखे वाजवत. आईच्या आवाजाची एवढी एकच खूण घरात उरलेली होती. चिरंजीवांनी ती कॅसेट मोबाइलमध्ये उतरवून दिली. मी घरी जरासे ऐकून पाहिले, आवाज आईचाच आहे अशी खात्री केली आणि समाधान मानले. पुढचे पद मला पाठच होते.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आमची चक्कर ठरलेली. मी गाडी चालवायची, अण्णांनी मांडीवर ताल धरायचा, तळजाईपर्यंत जायचे आणि परत यायचे. पण त्या वेळी आवाज बेताचा असे आणि रस्त्यातल्या गोंगाटात आईचे पद लागण्याआधी अण्णा इतर दहा गाणी मागत. आईचे गाणे त्यांनी राखून ठेवले होते. “ते वाईला जाताना लाव,” असे ते म्हणत. वाई हे आईचे माहेर.

मे महिन्यात वाईला एक मुंज निघाली. खंबाटकीचा घाट चढताना अण्णांनी खूण केली. मी आवाज चांगला वाढवला. आईने आलापी संपवली, पदाचे तोंड धरले, बापूकाकांनी समेवर डग्ग्यावर थाप मारली, आणि गाणे बंद!

खट् नाही की खुट् नाही. समोरच्या रेडिओवर दिवा जळत होता, गाण्याचे आकडे पुढे पळत होते. आवाज तेवढा नाही. घाट उतरल्यावर एका झाडाखाली गाडी थांबवली, अण्णांच्या बाजूचे दार उघडले आणि सीटखाली पाहण्यासाठी त्यांच्या पायांशी वाकलो. अण्णांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “आयुष्यमान भव. आज काय विशेष?”

काळ्या पेटीवरचा हिरवा दिवा जाऊन तिथे तांबडा दिवा लागला होता आणि त्याखाली इंग्रजीत ‘प्रोटेक्ट’ असे लिहिले होते. गाडी बंद करून पुन्हा चालू केली. हिरवा दिवा आला, आलापी आली, तोंड आले, बापूकाका आले, आणि पुन्हा तांबडा दिवा. वाईला पोहोचेपर्यंत मी अण्णांना चार वेळा नमस्कार केला.

“तीच बंद करते रे,” अण्णा शांतपणे म्हणाले. “तिला स्वतःचं गाणं ऐकवायचंच नसे कधी. ऐकायला बसलं, की उठून जायची.”

वाचकहो, मी चाळीस वर्षे हिशेबतपासनीस होतो. दिवंगत माणसांवर ठपका ठेवून फाईल बंद करणे मला मान्य नव्हते. चिरंजीवांनी सोडून दिलेले माहितीपत्रक मी चष्मा लावून वाचले. त्यात असे लिहिले होते, की ‘प्रोटेक्ट’चा दिवा लागणे हा बिघाड नसून शहाणपणा आहे. आपल्या जिवावर बेतते आहे असे वाटले, की पेटी आपणहून आवाज बंद करते. कारणे तीन-चार: पेटी फार तापणे, स्पीकरच्या तारा एकमेकींना किंवा गाडीच्या पत्र्याला चिकटणे, बॅटरीकडून येणारा वीजदाब घसरणे, किंवा पेटीतच काही जळणे. म्हणजे संशयित ठरलेले होते. फक्त गुन्हेगार शोधायचा होता.

मे महिना, घाट, सीटखाली कोंडलेली पेटी. पहिला संशय साहजिकच उष्णतेवर गेला. मी मोटारीत लावायचा एक छोटा पंखा आणला आणि तो सीटखाली फिरू लागला. परिणाम एवढाच झाला, की अण्णांचे धोतर फुगू लागले. पुढे जूनमध्ये एका पावसाळी सकाळी, गाडी बाहेर काढून दोन मिनिटे झाली नाहीत तोच गाणे थांबले. पेटीला हात लावून पाहिला, तर ती देवघरातल्या फरशीइतकी गार. उष्णता निर्दोष सुटली.

मग मी गाडीचे वायरिंग करणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी सीटखाली हात घातला, एक वायर हलवून पाहिली, हात पुसले आणि माझ्याकडे दयेने पाहत म्हणाले, “साहेब, ह्याला अर्थ नाही.”

मी क्षणभर अंतर्मुख झालो. खरेच, साठी उलटल्यावर माणसाने असल्या पेटीच्या मागे लागण्यात काय अर्थ आहे? मिस्त्री माझ्याकडे पाहत उभे होते. त्यांना वाटले असावे, साहेब काम सांगतील. मी त्यांचे आभार मानले आणि त्यांच्या तत्त्वज्ञानाचा विचार करीत घरी आलो.

त्यानंतर एका दुकानदाराने बॅटरी जुनी झाल्याचे निदान केले. चार हजार रुपयांची नवी बॅटरी बसली. गाणे डग्ग्यावर थांबायचे ते डग्ग्यावरच थांबले. दुसऱ्याने सुचवले, “तीस अँपिअरचा फ्यूज काढून साठचा टाकू, मग बघा.” हे मात्र मी ऐकले नाही. फ्यूज हा तिजोरीवरचा पहारेकरी असतो. वायर जेवढा प्रवाह सोसू शकते, त्याहून जास्त जाऊ लागला तर स्वतः जळून त्याने वायर वाचवायची. पहारेकरी आंधळा नेमला म्हणून चोरी थांबत नाही. उलट वायर तापून गाडीच पेटायची. शिवाय आमचा फ्यूज एकदाही जळलेला नव्हता. मग त्या बिचाऱ्याची बदली कशाला?

ह्या काळात चिरंजीवांचा दर रविवारी फोन येई. पहिल्याच रविवारी ते म्हणाले होते, “बाबा, ग्राउंड बघून घ्या. बहुतेक ग्राउंड नीट नाहीये.” मी “बरं, बरं” म्हटले आणि विषय बदलला. ह्या मुलाला मी सायकल शिकवली, पाढे शिकवले. तो हजारो मैलांवरून, गाडी न पाहता, मला दोष सांगणार? बाप नावाच्या प्राण्याच्या कानांनाही एक वय झाले की बहिरेपण येते. त्यासाठी यंत्र निघालेले नाही.

पावसाळा वाढला तसा रोगही वाढला. आधी मोठ्या आवाजात थांबणारे गाणे आता बेताच्या आवाजातही थांबू लागले. आणि सप्टेंबरात एका संध्याकाळी मी किल्ली घेऊन उभा राहिलो, तर अण्णा खुर्चीतून उठले नाहीत.

“राहू दे रे आज,” ते म्हणाले. “तिला नाही ऐकवायचं, तर आपण तरी किती हट्ट धरायचा?”

दुसऱ्या दिवशीही ते उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी विचारलेच नाही. आठ दिवसांनी माझ्या लक्षात आले, की अण्णा घरातही फारसे बोलेनासे झाले आहेत. ऐकू येत नाही, मग बोलायचे कशाला, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले असावे. जेवायला बोलावले की येत, ताट संपवत, खिडकीशी जाऊन बसत. आमच्या सौभाग्यवती मला म्हणाल्या, “अहो, त्या पेटीचं काय ते एकदा नीट बघा. अण्णा आतल्या आत मिटत चाललेत.”

त्या रात्री मी आपणहून जर्मनीला फोन लावला. रविवार नसताना बापाचा फोन आलेला पाहून चिरंजीव घाबरले. मी घसा साफ केला आणि विचारले, “तू ते ग्राउंड म्हणाला होतास, ते नक्की कुठं असतं रे?”

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो हसला नाही, ह्याबद्दल मी त्याचा कायमचा ऋणी आहे. तो म्हणाला, “बाबा, बॅटरीतून वीज पेटीकडे जाते ती जाड लाल वायरीनं. पण ती परतही यायला हवी ना? परतायला वेगळी वायर बॅटरीपर्यंत नेत नाहीत. पेटीची काळी वायर जवळच गाडीच्या पत्र्याला स्क्रूनं आवळतात, आणि पत्र्यातून वीज परत बॅटरीला जाते. नळ मोठा आहे, पण मोरी तुंबलीय, असं झालं असेल.”

हे मला समजले. नळ आणि मोरी कोणाला समजत नाहीत? पण त्याने पुढे जे सांगितले, ते माझ्या काळजालाच भिडले. “तुम्ही ऑडिट करा त्याचं,” तो म्हणाला. “बॅटरीतून निघालेले व्होल्ट पेटीला किती पोहोचतात, आणि मधे कुठे गळतात, ते मोजा.”

अफरातफर! चाळीस वर्षे मी दुसरे काय केले होते?

दुसऱ्या दिवशी बुधवारातल्या तपकीर गल्लीत जाऊन दोनशे रुपयांचा मल्टिमीटर आणला. आधी स्पीकर तपासले. चार ओहमचा स्पीकर मीटरवर चारपेक्षा थोडा कमी दाखवतो. आमचे चारही साडेतीनच्या आसपास होते आणि कुठलीच तार पत्र्याला लागलेली नव्हती. स्पीकर सुटले. मग मुख्य तपासणी. मीटरच्या तारा पुढच्या बॅटरीपासून सीटखालच्या पेटीपर्यंत पोहोचेनात, तेव्हा सौभाग्यवतींनी माळ्यावरून आकाशकंदिलाची जुनी वायर काढून दिली. डग्ग्याची थाप एका क्षणाची. तेवढ्यात मीटरचा आकडा स्थिर होत नाही. म्हणून चिरंजीवांनी फोनवर एक सलग ‘घूं’ असा खालच्या पट्टीतला आवाज पाठवून दिला. इंजिन चालू ठेवून तो लावायचा, आणि पेटी बंद पडण्याच्या जरासा अलीकडे थांबायचे. अर्धी सोसायटी गॅलरीत जमली. मी आकडे सांगत होतो, सौभाग्यवती वाण्याच्या वहीत टिपून घेत होत्या.

बॅटरीपाशी १३.६ व्होल्ट. पेटीपाशी १०.३. तीन व्होल्ट आणि वर तीस पैसे गहाळ!

आता वाटेतला हिशेब. बॅटरीच्या धन टोकापासून पेटीच्या लाल वायरीपर्यंत गळती ०.४. हा किरकोळ खर्च, मंजूर. मग पेटीच्या काळ्या वायरीपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मीटर लावला. आकडा आला २.९.

मी वही हातात घेतली. १०.३ अधिक ०.४ अधिक २.९. बेरीज १३.६. पैपर्यंत जुळली! नोकरीत असताना ताळेबंद जुळल्यावर व्हायचा तोच आनंद मला त्या पार्किंगमध्ये झाला. सगळी अफरातफर परतीच्या वाटेवर होती.

आणि मग बापूकाकांचे कोडेही सुटले. आलापीत पेटीला वीज लागते थोडी. तेवढी अरुंद मोरीतूनही वाहून जाते. डग्ग्याची घुमारदार थाप स्पीकरमधून काढायची, तर एकदम तीस-तीस अँपिअर प्रवाह लागतो. त्या वेळी वाटेत ओहमचा दहावा हिस्सा जरी अडथळा असला, तरी तीन व्होल्ट तिथेच अडकतात. पेटीला मिळतात जेमतेम दहा, आणि ती तांबडा दिवा लावून हात वर करते. आई बंद करीत नव्हती, पेटी बंद पडत नव्हती. बापूकाकांच्या थापेला परत जायला वाट मिळत नव्हती.

मी गाडी घेऊन थेट त्या वृद्ध मिस्त्रींकडे गेलो आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, “मिस्त्री, काळ्या वायरीचा पत्र्याशी सांधा खराब आहे.”

मिस्त्री माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. “तेच तर सांगितलं होतं ना साहेब तुम्हाला तेव्हा? म्हटलं, ह्याला अर्थ नाही. अर्थच लागलेला नाही नीट!”

अर्थ! विजेची ‘अर्थ’! जन्मभर ज्याने अर्थखात्यात काढली, त्या माणसाला अर्थाचा अर्थ लागू नये, आणि त्यापायी चार हजारांचा अनर्थ व्हावा, ह्याला काय म्हणावे? मी मुकाट्याने बाकावर बसलो.

मिस्त्रींनी आधी बॅटरीचे ऋण टोक सोडवले. मग सीट काढली. गालिच्याखाली, सीटच्या बोल्टाखालीच ती काळी वायर दडपलेली होती. खाली पत्र्यावरचा रंग तसाच, न खरवडलेला. रंगातून वीज जात नाही; ती आजवर जात होती ती बोल्टाच्या आट्यांतून, जीव मुठीत धरून. पावसाचे पाणी गालिच्यात मुरले, बोल्ट गंजला आणि तीही वाट बुजली. मिस्त्रींनी सपाट पत्रा निवडला, पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा चकचकीत होईपर्यंत घासली, वीतभर जाड तांब्याच्या वायरीला थिंबल दाबून बसवले, दातेरी वायसर घालून बोल्ट आवळला आणि वरून गंज धरू नये म्हणून ग्रीसचे बोट फिरवले. वीस मिनिटांचे काम. दीडशे रुपये. पुन्हा ‘घूं’ लावून मीटर पाहिला: २.९ च्या जागी ०.१.

“आता अर्थ आला,” मिस्त्री म्हणाले.

दिवाळीच्या आधीचा रविवार होता. मी अण्णांच्या खुर्चीपाशी जाऊन मोठ्याने म्हटले, “अण्णा, वाईला जाऊन येऊ.” ते नको म्हणत होते, पण सौभाग्यवतींनी त्यांच्या हातात टोपीच दिली. शिरवळ मागे पडले, घाट लागला. मी काचा वर केल्या आणि गाणे लावले. तंबोरा आला, आलापी आली, आईने पदाचे तोंड धरले. अण्णांनी मांडीवरचा हात वर उचलून धरला होता. बापूकाकांची थाप पडली. अण्णांचा हात मांडीवर पडला.

आणि गाणे चालूच राहिले.

अंतरा झाला, ताना झाल्या. आईचा आवाज वरच्या षड्जावर जरासा चिरकला, तिथे ती हसली, आणि अण्णाही हसले. पद संपले. मी हात पुढे करून पुढचे गाणे लावणार, तेवढ्यात टेपवर खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, कोणीतरी “वा!” म्हणाले, आणि मग अगदी जवळून, स्वच्छ, आईचा बोलण्याचा आवाज आला:

“बंद करा बाई ते आता. उगाच सेल संपतील.”

खट् झाले. टेप तिथेच संपली होती.

घाटमाथा येईपर्यंत आम्ही कोणीच बोललो नाही. मागच्या सीटवर सौभाग्यवती पदर डोळ्यांना लावीत होत्या. अण्णा समोरच्या काचेतून पाहत होते. मग ते माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर कोर्टात दावा जिंकल्याचा भाव होता.

“बघ,” ते म्हणाले, “मी म्हटलं नव्हतं? तीच बंद करते.” आणि मग हलकेच म्हणाले, “लाव पुन्हा.”